झाकणाचा स्विच

बाबा, काल एक वॉशिंग मशीन चालू करून दिलं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. सकाळपासून दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो निवून गेला. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी वही घेऊन तुम्हाला लिहीत बसलोय. बायको म्हणते, "एक काय ता ठरवा. लिवा, नायतर जावा."

गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या त्या काकी आठवतात ना, ज्यांचा मिक्सर तुम्ही तीन वेळा जिवंत केलात? त्यांनी आता घरामागे पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्यात. मशीन त्यांचं. दिवे लागायचे, पण बटण दाबलं की तीनदा टीं टीं करून गप्प. मी तुमच्याच क्रमाने गेलो. आधी बोर्डातली वीज बघितली, मग नळ, मग पाण्याची जाळी. जाळी लाल मातीने बरबटलेली होती, ती धुतली, तरी फरक नाही. मग झाकण दाबून बघितलं, तर आतून टक् असा आवाज येईना. वरची पट्टी खोलली. आतला स्विच खाऱ्या हवेने हिरवा पडलेला. मशीनच्या लेखी झाकण उघडंच होतं, मग ते फिरणार कसं? निदान बरोबर होतं, बाबा. तिथवर मी तुमचाच मुलगा होतो.

नवा स्विच कोल्हापूरहून यायला चार दिवस. न्हाणीत चादरींचा ढीग. काकी म्हणाल्या, "सांजच्याला दोन गाड्या भरून पावणे येतायत. कायतरी कर रे, चार दिसांचा तर प्रश्न हाय." आणि मी दोन वायरी एकमेकींना जोडल्या. डायरेक्ट. आता झाकण उघडं असो की बंद, मशीन फिरणार. काकींची तीन वर्षांची नात लगेच बादली उपडी करून तिच्यावर चढली, आत चादरी कशा गरगरतात ते बघायला. मी तिला खाली उतरवलं, झाकण बंदच ठेवा म्हणून काकींना बजावलं आणि निघालो. गाडीला किक मारताना मागे बघितलं, तर पोरगी परत बादलीवर.

नाचणे गावातल्या आपल्या घरातली ती दुपार डोळ्यांपुढून हलत नाही. मी बावीस वर्षांचा. आईचं मशीन अडलंय, तुम्ही चिपळूणला गेलायत, आणि मी शहाणपणा करून हाच उद्योग करून ठेवतो. तुम्ही येता. चालू मशीनचं झाकण उघडून आई आत कपडे टाकतेय ते बघता आणि चपला न काढता आत येऊन प्लग उपसता. पक्कड घेऊन जोड तोडता. आई म्हणते, "अवो, कपडे आत हायत!" तुम्ही म्हणता, "कपडे वले ऱ्हायले तर कोन मरत नाय." मग माझ्याकडे वळून, "पीळ." मी सगळे कपडे हाताने पिळले. मला तुमचा भयंकर राग आला होता. मशीन चालू केलं त्याचं कौतुक राहिलं बाजूला! खोटं कशाला बोलू, तो राग कित्येक वर्षं टिकला. आमचे बाबा भित्रे, असं मी मित्रांत हसून सांगायचो. वायरी डायरेक्ट न जोडण्याच्या या एका हट्टापायी तुम्ही कितीतरी गिऱ्हाइकं घालवलीत, आणि मी मात्र एकही घालवायला तयार नव्हतो.

आत्ता न राहवून काकींना फोन लावला. "फस्क्लास चाललाय रे, तिसरा घाणा लावलाय," त्या म्हणाल्या. मागे मशीनची घरघर आणि अगदी तिथूनच पोरीचं खिदळणं. मी ओरडलोच, "काकी, आधी प्लग काढा. मी येतोय." घरघर थांबली. मग त्या म्हणाल्या, "का रे? काल तर तूच बोललास ना..." पुढचं ऐकायच्या आत मी फोन ठेवला.

निघतोच आहे. हे पान तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच एवढं लिहायचा धीर होतोय. काल मी वायरी जोडत असताना काकींनी विचारलं होतं, "ह्यात धोका नाय ना रे?" मी मान वर न करता म्हणालो, "बाबापण असंच करायचे." तुमचं नाव ऐकलं आणि त्या निर्धास्तपणे चादरींचा ढीग उचलायला गेल्या.