आंब्यावरचे बांडगूळ

माघ शुद्ध ५, शके १७८६
अकोल्याहून तीन दिवस बैलगाडीत हाडे खिळखिळी झाली, पण पोचलो एकदाचे! अमरावतीच्या वेशीबाहेर शालिकराम माळ्याच्या बागेतली खोली मिळाली. गोड्या पाण्याची विहीर, दारात मोहरलेला आंबा. मला कापसाच्या वखारीत कारकुनी. जमुनेला चौथा महिना. दोनदा कूस रिती झाली. हे मूल तरी तगावे, एवढेच मागणे.

माघ शुद्ध १२
काय हा मुलूख! जिकडे तिकडे कापूस. माळ्यानेसुद्धा वांगी उपटून कापूस लावला. बाजारात भाजीचे पान दिसेल तर शपथ. जमुनेच्या पोटात भाकरी टिकत नाही. चिडून मी माळ्याच्या बायकोला, तानुबाईला, विचारले, आम्ही सरकी चावायची का? ती हसली आणि आंब्यावरच्या बांडगुळाचा पाला नि फळे तोडून आणली. कोवळ्या पाल्याची भाजी करायची, फळे तशीच खायची. जमुनेला चक्क पचली! तानुबाई बजावून गेली, ‘बी गिळू नोका बाई, झाडावरच थुंका.’ खाल्लेले झाडावर थुंकायचे! मी जमुनेला म्हणालो, हा गावंढळपणा आपल्यात नको, गिळून टाक.

माघ वद्य १०
जमुना चांगली भरली आहे. त्या फळांशिवाय काही मागत नाही. भूक मेली ती माझी. वखारीत लेखणी बोटांतून गळते, अंगरखा लोंबतो. वैद्य म्हणतो, हवा मानवली नाही. हवेच्या माथी मारायला याचे काय जाते!

फाल्गुन शुद्ध ४
जमुना दिवसभर माझे मनगट धरून बसते. वखारीत जायची पंचाईत. सोडवले की तिचे ओठ पांढरे पडतात, धरले की घटकेत टवटवीत. आंब्याची बांडगूळ असलेली फांदी शेंड्याकडून वाळली आहे.

फाल्गुन शुद्ध ९
तानुबाईने विचारले, बिया थुंकल्या होत्या ना? खरे सांगितले. ती म्हणाली, बीले धराले काहीतरी लागते. झाड न्हाई भेटलं, तर जवळचं माणूस धरते. पाला ओरबाडून भागत न्हाई, फांदीच तोडा लागते. मग झाड वाचते, बांडगूळ वाळते.
मूर्ख बाई! पण मनगट आज सुटले नाही.

फाल्गुन वद्य १
धुळवड. डाव्या हाताने लिहितो. उजवा तिच्या मुठीत. कातडी तिची कुठे संपते, माझी कुठे— माझाच शहाणपणा नडला. थुंकू दिले असते तर—

फाल्गुन वद्य २
बाळ हलले. तिच्याआधी मला कळले— मनगटात— दोनदा—
तोडले तर मी वाचेन. आणि ते?
शालिकराम कुऱ्हाड घेऊन दारात. म्हणालो, विहिरीत फेक ती. आत्ता, माझा धीर सुटण्यापूर्वी— तो हलत नाही. माझ्याकडे नाही, हाताकडे बघतो— जमुना ओरडते आहे— त्याने कुऱ्हाड उच