हात चालला तसा

४ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचा प्रेमाचा सलाम. वि. वि. इकडे सगळे ठणठणीत, माझे गुडघे तेवढे सोडून. रविवारच्या शाळेतली पोरं बायबलातल्या योसेफाचं नाटक बसवताहेत. त्याला रंगीबेरंगी अंगरखा हवाय. तू एवढा मोठा कटिंग मास्टर, उरल्यासुरल्या तुकड्यांचा तेवढा शिवून पाठव. नाही म्हणालास तर कान पिळायला तिकडे येईन!

आणखी एक. परवा गोष्ट सांगताना भावांनी योसेफाला विकलं इथवर आले आणि दारात बसलेला दादा उठून गेला. जेवलाही नाही. मग कबूल झाला, की त्यानेच तुला न सांगता पाच वर्षांच्या करारावर कपड्यांच्या कारखान्यात देऊन टाकलं आणि बाबांना सांगितलं, तो पळून गेला. बारा वर्षांनी तोंड उघडलं बघ! तुला भेटायचंय, पण कोणत्या तोंडाने जाऊ म्हणतो. येऊ दे का त्याला?

लोभ आहे, तो वाढव.
ताई

१५ मार्च

ती. ताईस,

धाकट्याचा सलाम. अंगरखा पाठवतोय. माप कळवायला विसरलीस, नेहमीप्रमाणे! हात चालला तसा कापलाय.

पहिली दोन वर्षं मी दादाला रोज शिव्या घातल्या. मुकादमाने कागदपत्रं काढून घेतलेली, फाटकाला कुलूप, बोटांना फोड. पण त्याच कात्रीने मला माणसात आणलं. आज तीस जण माझ्या हाताखाली आहेत आणि एकाचेही कागद मी कुणाला अडकवू देत नाही. मी इथे नसतो तर? देवाचाच हात म्हणायचा. पण ताई, देवाने वाकड्याचं सरळ केलं म्हणून दादाचं वाकडं सरळ ठरत नाही. योसेफाने भावांना माफ केलं, पण तो मोठा माणूस, मी साधा शिंपी. येऊ दे असं लिहायला जातो आणि हात अडतो. तूर्तास विचारू नकोस. गुडघ्यांना तेल लाव.

तुझाच,
धाकटा

२३ मार्च

चि. धाकट्यास,

सलाम. अरे, काय हा अंगरखा! आमचा योसेफ आठ वर्षांचा, त्यात तो दोनदा मावेल. पोरं हसून लोळली. गंमत म्हणून मी दादाला घालायला लावला. बेतून शिवल्यासारखा बसला रे! त्याच्या उतरत्या डाव्या खांद्याला तू आतून पट्टीसुद्धा लावलीस. लहानपणी घरी शिवण शिकताना पहिलं माप त्याचंच घेतलं होतंस ना?

दादा खांदा चाचपत राहिला. याला अजून आठवतंय म्हणाला आणि मटकन बसून रडला. मीही रडले, खोटं कशाला बोलू!

तुझ्या हाताला विचारून झालं, आता तुला विचारत नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने त्याला धाडते आहे. अंगरखा काढायला तयार नाही, त्यामुळे आमचा योसेफ चादर गुंडाळून उभा राहील. गर्दीत तुला शोधावं लागणार नाही.

लोभ यावेळी पत्रातून नको, त्याच्याबरोबरच पाठवते.
ताई