वस्तरा, चामोटा आणि माझे नववे मृत्युपत्र

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणऐंशी, तर्कशास्त्राचा निवृत्त शिक्षक, हे मृत्युपत्र स्वेच्छेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी आज तपासले. हृदयाबद्दलचे मत त्यांनी न विचारता दिले. यापूर्वीची माझी आठही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती ज्याने निकामी केली, त्याला ते ठाऊक आहे.

कलम एक. राहते घर व त्यातील पुस्तके पुतणीस. तिने माझे म्हणणे कधी खोडून काढले नाही. ऐकलेही नाही.

कलम दोन. आमच्या वडिलांचे सलून होते. जाताना त्यांनी वस्तरा मला दिला आणि त्याला धार लावण्याचा चामड्याचा पट्टा, म्हणजे चामोटा, धाकट्या भावाला. एकाशिवाय दुसरे निरुपयोगी. सबब धाकटा छत्तीस वर्षे दर रविवारी चामोटा काखेत मारून माझ्याकडे येतो. चामोट्याच्या एका अंगाला हिरवी पेस्ट, दुसऱ्या अंगाला तिच्याहून बारीक लाल. आधी हिरवीवर वीस हात, मग पाते पुसणे, मग लालवर चाळीस. पाठ पुढे, धार मागे. पेस्ट इतकी पातळ हवी की चामड्यावर नुसता रंगाचा संशय यावा. धाकटा ती भिंतीला गिलावा करावा तशी थापतो आणि मधले पुसणे विसरतो. त्याचे चपलांचे दुकान आहे, याखेरीज मला कारण सापडलेले नाही.

या वस्तऱ्याने कोणीही दाढी करीत नाही. दाढी केल्यास धार जाते. मी प्लास्टिकचा वापरतो. धाकट्याने दाढी राखली आहे.

कलम तीन. वडिलांच्या वेळी अंगठ्याएवढे रुंद असलेले पाते घासून घासून आता आगकाडीएवढे उरले आहे. झिजलेले पोलाद चामोट्यावर काळ्या रेघांच्या रूपाने आहे. यावरून मी अकरा वर्षांपूर्वी असे मांडले की, वस्तरा माझा. वस्तऱ्याचा बहुतांश भाग चामोट्यावर. म्हणून चामोटाही बहुतांशी माझा. धाकटा म्हणाला, "दादा, माझ्या चपलेचा तळ रस्त्यावर झिजून गेला. मग रस्ता माझा का?" मी त्या दिवशी त्याला बिनसाखरेचा चहा दिला.

आता हार मान्य करून, वस्तरा पेटीसह धाकट्यास देत आहे, म्हणजे दोन्ही वस्तू अखेर एका घरात नांदतील. माझी शेवटची दाढी त्याने त्याच वस्तऱ्याने करावी. पाते पुसून घ्यावे.

हा मजकूर त्यास वाचून दाखवला.

"मला नको," तो म्हणाला. "घरी नेऊन करू काय? मला दाढी आहे."

"दाढी पस्तीस वर्षे आहे. येतोस तर दर रविवारी."

"चहा बरा असतो."

"वस्तरा तुझ्याकडे आला की यायची गरज उरणार नाही. पाय दुखतात म्हणतोस ना?"

"पाय माझे आहेत, दादा. त्यांची काळजी तू करू नकोस."

कलम चार. ज्याला काही मिळावयाचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केल्यास त्याचा वाटा बुडतो. हा नियम मी धाकट्यास आठ वेळा समजावला असून तो त्यास उत्तम समजलेला आहे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: नऊ मार्च, रविवार.

सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई

साक्षीदार दुसरे: येथे खालच्या मजल्यावरील शिंपीकाका सही करणार होते. मी चहा गाळावयास उठलो असता धाकट्याने माझ्याच पेनाने, ठळक अक्षरांत, येथे सही केली आहे.

सबब कलम तीन नवव्यांदा निष्फळ. वस्तरा माझ्याकडे, चामोटा त्याच्याकडे. पुढच्या रविवारपर्यंत जिवंत राहणे मला भाग आहे.