शीतगृहात मॅटची परीक्षा

३ जानेवारी
चिरंजीवांनी अट घातली! सूनबाई डोंगरावर तंबूत राहायला निघाली आहे, मलाही तिच्याबरोबर जायचंय. तर म्हणे, "आई, त्रेसष्ट वय आहे तुझं. जमिनीवर दोन तास झोप, कशालाही न धरता उठून दाखव. मगच जा." स्वतः फिजिओथेरपिस्ट ना — घरातही यांना पेशंटच दिसतात. येत्या अकराला, रविवारी परीक्षा. मी जाणार म्हणजे जाणारच!

४ जानेवारी
सूनबाई आणि मी तंबूत अंथरायची मॅट घ्यायला दुकानात. दुकानदार म्हणाला, "आवडली नाही तर परत करा, पण वापरून बघू नका." वापरल्याशिवाय आवडणार कशी? तीन मॅट उचलून आणल्या.

५ जानेवारी
गार जमिनीवर कोणती ऊब धरते, ते दिवाणखान्यात काय कळणार? अठ्ठावीस वर्षं ज्या शीतगृहात मटार भरले, तिथेच दुपारी गेले. सुपरवायझर माझ्याच हाताखाली शिकलेली. "बाई, तुम्ही इथे झोपणार?" "हो. तू फक्त दार लावून घेऊ नकोस."

आधी मटाराच्या काट्यावर वजनं केली. घडीची फोमची — हलकी, पण दहा मिनिटांत कंबर गार. आपोआप फुगणारी — नुसती गादी, पण दीड किलो! ती घेऊन चढायचं म्हणजे मलाच कुणीतरी उचलायला हवं. तिसरी तोंडाने फुगवायची, आत चमकदार अस्तर, अर्ध्या किलोच्या आत. कूस बदलली की वेफर्सचं पाकीट चुरगळल्यासारखी वाजते. पण खालचा गारठा अजिबात वर येत नाही. इतकी ऊब, की माझा डोळाच लागला.

उठले तर पॅकिंगच्या पोरींनी स्वेटरवर लेबल चिकटवलेलं — "आवक: आज. दर्जा: ब." ब? बघून घेईन एकेकीला!

७ जानेवारी
सूनबाईला तिसऱ्या मॅटची खुबी सापडली. टम्म फुगवायची नाही — थोडी हवा सोडली की अंग रुततं, कंबरेला आराम पडतो. चिरंजीवांना सांगायचं नाही, असं दोघींचं ठरलं.

११ जानेवारी, रविवार
पास! दोन तास झोपले, हात न टेकता उठले. (गुडघे वाजले, तेव्हा खोकले.) चिरंजीवांचं तोंड बघण्यासारखं झालं. "मॅटमध्येच काहीतरी लबाडी आहे," म्हणत सगळी हवा काढली आणि स्वतः फुगवायला बसले. दगडासारखी टम्म. आम्ही दोघी ओठ चावत बघत राहिलो.

आडवे झाले. दहाव्या मिनिटाला — "आई, उठता येत नाहीये."

हसून हसून आमची पुरेवाट. भिंत धरावी लागली मला. मग त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. घामाने डबडबला होता. उठवायला शेजारच्यांना बोलवावं लागलं.

१२ जानेवारी
दोन वर्षं पाठ दुखतेय त्याची. बायकोलासुद्धा बोलला नाही. "माझीच पाठ गेली हे कळलं, तर माझ्याकडे कोण येईल?" आणि मग, भिंतीकडे तोंड करून — "तुझी काळजी नव्हती गं, आई. तुम्ही दोघी गेलात आणि मी असाच एकटा पडून राहिलो तर, म्हणून अडवत होतो."

तंबूचं बुकिंग आम्ही रद्द केलं. मॅटमधली थोडी हवा काढली आणि त्याच्या अंगाखाली सरकवली.