एक्केचाळीस अंगठ्यांचं अवयवदान

३ ऑगस्ट, सकाळी ७
आज अवयवदान दिन. संकल्प: पंधरा ऑगस्टपर्यंत जव्हार-मोखाड्यातून शंभर अवयवदाते. पंचायत समितीत अठ्ठावीस वर्षं क्लार्की करून रिटायर झालेल्या माणसाला फॉर्म भरून घेणं म्हणजे हातचा मळ. पहिला फॉर्म माझाच. सही तेवढी राहिली. असल्या कामाला पेन चांगलं हवं.

४ ऑगस्ट
ब्रेन डेथचा अभ्यास केला. मेंदू कायमचा बंद. छाती मशीनवर वरखाली होते, पण माणूस गेलेला. चार डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात, मगच ठरतं. डाउटला जागा नाही. हे चंपाला समजावलं. ती म्हणाली, मग सही का नाही केली? बायकोला मुद्दा सोडून बोलायची सवयच आहे.

६ ऑगस्ट
आज सही करणारच होतो. पण डोळे द्यावेत का, हा नैतिक प्रश्न उभा राहिला. किडन्या खुशाल न्या. डोळे माझ्या वडिलांवर गेलेत, म्हणजे खानदानी मालमत्ता.

८ ऑगस्ट, पोशेरा
पाऊण तास बोललो. धोंडीबाई नावाच्या म्हातारीने विचारलं, छाती हलते नि मेला कसा? चार डॉक्टर सांगतात, मी ठणकावलं. ती म्हणाली, पाड्यावर एक डॉक्टर आणायला आमचा दिवस मोडतो, हे चार कुठले? लोक हसले. अज्ञान! तरी माझ्या वक्तृत्वाने काम केलं. रांग लागली. एक्केचाळीस अंगठे!!

९ ऑगस्ट
शंभर दाते झाले की पंधरा ऑगस्टला सत्कार होणारच; त्याला कोट घालावा की जाकीट? सही उद्या.

११ ऑगस्ट
धोंडीबाई चौघांना घेऊन थेट घरी. घरकुल कधी मंजूर होणार, म्हणे. कसलं घरकुल? तर पंचायत समितीचा माणूस बॅगेतून फॉर्म काढतो म्हणजे घरकुलच, असं गावाने ठरवलेलं. आणि माझं भाषण? ते काय, प्रत्येक योजनेआधी असतंच!
एक्केचाळीस फॉर्म परत दिले. न समजता दिलेला अंगठा म्हणजे दान नव्हे, एवढं मलाही कळतं. मग धोंडीबाई म्हणाली, आता खाली बसून नीट सांग. सांगितलं. शेवटी घरच्यांनाच विचारतात, हेही सांगितलं. तिने चंपाकडे बघून विचारलं, हा गेल्यावर तू हो म्हणशील? चंपा चहा टाकायला आत गेली. मला बरं वाटलं.

१३ ऑगस्ट
चंपाने फॉर्म भरला. स्वतःचा! डोळ्यांसकट सगळं. नातेवाईकाच्या सहीची जागा माझ्यापुढे सरकवली. चंपा नाही, ही कल्पनाच करवेना. मशीनवर का होईना, असू दे तिला, असं वाटलं. म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, गावाला तर पाऊण तासात समजावलंत.

१५ ऑगस्ट, दुपारी
केली सही. चंपाच्या फॉर्मवर. खरं सांगायचं तर रडू आलं. त्याच भरात माझ्याही फॉर्मवर केली, साध्या बॉलपेनने. शंभरापैकी दोन दाते, दोन्ही घरचेच.
चंपाने माझा फॉर्म चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. मग विचारलं, मेंदू नाही ना घेत कुणी? म्हटलं, नाही, त्याचं रोपण होत नाही. चंपा म्हणाली, वाचला बिचारा पेशंट.