टरफलांवरची अबोली

प्रिय खारूताई,

आधी बातमी, मग बाकीचं. उगवली! तुझी ती अबोली रंगाची अळंबी पुन्हा उगवली. गिरणीमागे शेंगांच्या टरफलांचा ढीग असतो ना, त्यावरच, पाण्याच्या टाकीच्या बाजूला, तू बोट दाखवलं होतंस अगदी तिथेच. एखाददुसरी नाही, चांगले सतरा झुबके. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी ते पाहिले आणि तुझा हा अठ्ठावन्न वर्षांचा बाप भर अंगणात नाचला. हमाल एकमेकांना म्हणाले, मुकादमांना काहीतरी चावलं. इतके दिवस तुला कळवलं नाही, कारण पक्कं होईपर्यंत उगाच आशा लावायची नव्हती. तोंड दाबून बसणं मला किती जड जातं, ते तुला माहीतच आहे.

या वेळी सगळं नीट केलं, बरं का. माळ्यावरून तुझी जुनी वही काढली आणि तू लिहिलंयस तसंच एकेक करत गेलो. तीन वर्षांपूर्वी तू तोडून आणलेली अळंबी प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजून सकाळपर्यंत चिखल झाली होती आणि फोटो तिन्हीसांजेचा, नुसता काळा डाग. म्हणून मी भर उजेडात चौदा फोटो काढले आणि दोन झुबके कागदी पिशवीत ठेवले. अळंबीची एक छत्री काळ्या कागदावर ठेवून वर आईची वाटी पालथी घातली. दुसऱ्या दिवशी वाटी उचलली तर कागदावर फिकट गुलाबी पिठाची नक्षी उमटलेली, रेघ न् रेघ मोजून घ्यावी अशी! आईने ती वाटी तीनदा घासली, उकळली, आणि तरीही आता त्या वाटीत फक्त मलाच वाढते. म्हणते, तुम्हाला काही झालं नाही तर मग बघू.

कागद आणि पिशवी घेऊन मी थेट कॉलेजात तुझ्या मॅडमच्या खोलीत गेलो. त्या पेपर तपासत होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा आक्रसला. मी पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी आत पाहिलं, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि परत पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गिरणीत हजर! मालक खुर्ची घेऊन धावले, पण बाई चांगल्या कपड्यांनिशी टरफलांत गुडघे टेकून बसल्या त्या तासभर उठल्याच नाहीत. टरफलांवर ही जात वाढल्याची नोंद त्यांनी आजवर पाहिली नव्हती. आता त्यांच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या बरणीत उकळून गार केलेल्या टरफलांवर तिचे पांढरे धागे काठापर्यंत पोचलेत. परवा बरणी दाखवताना मला म्हणाल्या, बघा, तुम्ही जे जाळून टाकता त्यावर हे वाढतंय. मी असा ऐटीत उभा होतो, जणू धागे मीच विणले.

आणि तो दिवस आठवल्याशिवाय राहिलो नाही. तीन वर्षांपूर्वी तू मॅडमना आणि वर्गातल्या सगळ्यांना गिरणीत घेऊन आलीस. सगळ्यांच्या पुढे चालत होतीस, जवळजवळ पळतच. आणि ढिगावर काही नव्हतं. अर्धा तास तू हातांनी टरफलं उपसत राहिलीस, नखांतून रक्त आलं. मॅडम आवाज न चढवता एवढंच म्हणाल्या, न पाहिलेलं पाहिलं म्हणणाऱ्यांचं इथे काम नाही. मी चार पावलांवर उभा होतो. दोन महिन्यांत तू शिक्षण सोडलंस. आता परक्या गावात औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या मोजतेस, आणि फोन केला की "बरं चाललंय बाबा" म्हणून ठेवून देतेस. त्यामुळे हे पत्र.

परवाच मॅडमनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. "कोणाला सापडली" या रकान्यात त्या माझं नाव घालायला सांगत होत्या. मी तुझं पूर्ण नाव लिहिलं, ठळक अक्षरात, आणि तारीख घातली तीन वर्षांपूर्वीची. मॅडम म्हणाल्या, त्या तारखेला काही पुरावा आहे का? आहे, म्हटलं. पुरावा मीच आहे.

खारूताई, त्या सकाळी ते झुबके मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. तू मला फक्त एवढंच सांगितलं होतंस की मॅडम गिरणी बघायला येणार आहेत. मोठी माणसं येणार, अंगण लख्ख हवं, म्हणून मी पाचलाच आलो होतो. ढिगावर ती गुलाबी घाण दिसली. फावड्याने वरचा सगळा थर ओढला, बॉयलरमध्ये घातला आणि ढीग सारखा करून ठेवला. तू गुडघ्यांवर बसलीस तेव्हा मला कळलं, मी काय जाळलं ते. पण त्याआधी पाचच मिनिटं मॅडमनी मालकांसमोर माझ्या स्वच्छ अंगणाचं कौतुक केलं होतं, आणि माझं तोंड उघडलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. एका शाबासकीपायी मी माझ्या पोरीला खोटी ठरू दिलं. हे सगळं मॅडमना सांगितलं. त्यांनी नोंदवही परत स्वतःकडे ओढली. मग तारखेला हात न लावता त्यांनी खाली सही केली आणि म्हणाल्या, मलाही तिची माफी मागायची आहे. तुझी जागा ठेवलीय त्यांनी, ती बरणी तुझ्याच हाती द्यायची म्हणतात. फोन त्याच करणार होत्या, पण मी म्हटलं, थांबा, आधी तिला माझ्याकडून कळू दे. माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागतोय. तू ये. भर अंगणात, हमालांसमोर, मालकांसमोर माझी हवी तेवढी खरडपट्टी काढ. मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय की माझी लेक खरं बोलत होती.

तुझाच,
चुकलेला बाबा