मागच्या खोलीतलं पिंप

प्रिय व्हर्डेल मावशी,

तुझ्या कंबरेच्या हाडाला आणि तुझ्या स्वभावाला, दोघांनाही माझा नमस्कार. हाड जुळत आलंय असं डॉक्टर म्हणाले हे कळून बरं वाटलं. स्वभावाबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणजे तो होता तसाच असावा. इकडे कर्टिस मजेत आहे (पोट सुटत चाललंय, पण नवऱ्याला हे तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही). तू आमच्याकडे राहायला यायला तीनदा नाही म्हणालीस, त्याबद्दल या पत्रात मी एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र पिंपाबद्दल आहे.

आमच्या बिअर मंडळाने यंदा ओकचं, आतून जाळलेलं, नुकतीच व्हिस्की काढून घेतलेलं खरं पिंप आणलं. एरवी आम्ही ओकचे तुकडे बरणीत व्हिस्कीत भिजवून बिअरमध्ये टाकतो, पण आमचे अध्यक्ष रॉइस (गावाचे दंतवैद्य) म्हणाले की हे म्हणजे खरे दात सोडून कवळी कुरवाळत बसण्यासारखं आहे. मग अकरा जणांनी आपापल्या स्वयंपाकघरात एकाच कृतीने पाच-पाच गॅलन काळी कडक स्टाऊट बिअर करायची, सगळी एकाच पिंपात ओतायची आणि पुढच्या ख्रिसमसला वाटून घ्यायची असं ठरलं. एकाची नासली तर अकरा जणांची नासते, म्हणून गेला महिनाभर सगळे एकमेकांकडे जाऊन गोड हसत एकमेकांची पातेली हुंगत होते.

पिंप आमच्याकडे ठेवायचं ठरलं, कारण आमची मागची खोली रिकामी होती. हो, तीच, तुझ्यासाठी फिकट पिवळी रंगवलेली. (रिकामी का होती ते मी लिहिणार नाही म्हटलं आहे.) त्याला थंडी वाजू नये म्हणून मी ते हीटरला टेकवून ठेवलं. भरायच्या दिवशी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला आणि अर्धं मंडळ बंदुका घेऊन रानात गेलं. दोन आठवड्यांनी परत आले तेव्हा एक हरीण, सहा सर्द्या आणि माझ्याकडे वाळून खडखडीत झालेलं, फळ्यांत फटी पडलेलं पिंप, एवढी सगळ्यांची मिळून कमाई होती.

तू एकतीस वर्षं पिंपांच्या कारखान्यात गळती शोधण्यात घालवलीस, म्हणून मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "आधी गरम पाणी भर, लाकूड फुगू दे, आणि त्या दाढवाल्याला लांब ठेव." मी शब्दन् शब्द मंडळाला सांगितला. पण पाण्याचं नाव काढताच सगळ्यांचे चेहरे असे झाले, जणू मी चर्चमध्ये शिवी दिली. पाण्याने आतली व्हिस्की धुऊन जाईल ना! मग रॉइसनी तोडगा काढला: पाण्याऐवजी व्हिस्कीच घालू. दोन बाटल्या आत ओतल्या आणि चार बाप्यांनी पिंप पाळण्यासारखं हलवलं. लाकडाने दोन्ही बाटल्या पिऊन टाकल्या आणि एकही फळी फुगली नाही. त्यावर आम्ही अकरा घरची बिअर ओतली.

पहिला काळा थेंब कर्टिसच्या मोज्यावर पडला. मग दुसरा, मग एक धार. रॉइस दवाखान्यातून मेण घेऊन आले, पिंपाखाली उताणे झोपले, कपाळावर दिवा बांधला आणि सवयीने पिंपाला म्हणाले, "जरा मोठं उघडा." त्यांनी सात ठिकाणी मेण भरलं. ते घरी जाईपर्यंत आठवी जागा सुरू झाली. आता ते सहाशे पौंडांचं धूड जागचं हलत नाही आणि अकरा माणसं रोज फोन करून पिंपाची तब्येत विचारतात. तुझी तब्येत विचारायला मी एकटीच आहे, हे जरा अन्यायाचं वाटतं.

तुझी
लॉर्ना

ता. क. रॉइस येत्या शनिवारी त्यांचा ट्रक घेऊन तुझ्याकडे येताहेत. पिंपाशेजारी वर्षभर कुणीतरी जाणतं माणूस हवं: गळती बघायला, दर महिन्याला चाखून पाहायला आणि मंडळाला शिव्या द्यायला. तू म्हणाली होतीस, "मी काही जुनी खुर्ची नाही तुमच्या कोपऱ्यात ठेवायला." कोपरा पिंपाने घेतला आहे. तुझा पलंग खिडकीपाशी आहे.

ता. क. २. कर्टिस म्हणतो हे लिहू नकोस, पण आल्या आल्या लाकडाला हात लावताच तुला कळणारच. बिअरनेच लाकूड फुगलं आणि गळती मंगळवारी आपोआप थांबली. रॉइस बघायला येतात त्याआधी मी खालचं फडकं काळ्या कॉफीत बुडवून ठेवते, नाहीतर ते ट्रकचा बेत रद्द करतील. पिंपाला तुझी काही गरज नाही, मावशी. तरी ये.